टॅब घेऊन कॉम्प्युटर काढून टाकू का?

प्रश्न: मी कळव्यात राहते. दोन सोसायट्या आणि नौपाड्यातल्या तीन दुकानांचे हिशेब घरून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिते, महिन्याला ११,००० मिळतात. २०१६ सालचा डेस्कटॉप आता फार रखडतो. अकरावीतली मुलगी म्हणते, आयपॅड घेऊ, दोघींचं भागेल. कीबोर्ड आणि पेन्सिल धरून ७१,००० होतात, १२ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय आहे. पुढच्या महिन्यात ४८,००० ची आरडी पूर्ण होते. १,२०,००० ची एफडी आहे, महिन्याचा घरखर्च ४५,००० आहे. घेऊ का?

उत्तर: ताई, डेस्कटॉप बदलायची वेळ आली आहे हे नक्की, पण त्याच्या जागी टॅब नको.

तुमचं पोट टॅलीवर आहे आणि टॅली विंडोजवर चालतं, आयपॅडवर ते बसवता येत नाही. क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या दूरच्या कॉम्प्युटरवर चालू असलेलं टॅली इंटरनेटवरून टॅबच्या पडद्यावर उघडता येतं. पण मग त्या क्लाउडचं भाडं दर महिन्याला मोजायचं आणि नेट गेलं की हात बांधून बसायचं. सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांच्या एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या आज्ञा) असतील तर टॅबवरच्या एक्सेलमध्ये तेही चालत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या एका चित्रकाराने लॅपटॉप विकून टॅब घेतला आणि त्याचं काम खरोखरच सुधारलं. त्याला बोटाने आणि पेनाने काम करायचं होतं. तुम्हाला रोज शंभर व्हाउचर, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी, टाकायची असतात.

जुन्या मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकून घेण्याचाही विचार मनात येईल. वेग वाढेल, पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २०१६ च्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. दुसऱ्यांचे हिशेब ज्या मशीनवर आहेत त्याच्या सुरक्षेत कसर नको. तिथे पैसे घालू नका.

आता ईएमआय. नो-कॉस्टमध्ये बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत आधी दिलेली असते. वार्षिक १५ टक्के दर धरला तर ७१,००० च्या हप्त्यांत व्याज साधारण ५,४५० होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ९८० रुपये तुमच्या खिशातून, शिवाय प्रोसेसिंग फी. हप्ता ५,९०० च्या वर, म्हणजे तुमच्या कमाईतला निम्म्याहून जास्त भाग वर्षभर गेला. तोही अशा वस्तूपायी, जिच्यावर ती कमाई होतच नाही! मला हे सर्वात जास्त खटकतं.

दुकानदार म्हणेल, बिल व्यवसायाच्या नावे घ्या, ४० टक्के घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेपोटी उत्पन्नातून वजावट, मिळतो. घसारा खरा आहे, पण तुमचं वर्षाचं उत्पन्न १,३२,०००. त्यावर करच लागत नाही, तर वाचणार काय? जीएसटी नोंदणीही नसणार, त्यामुळे किमतीतला १८ टक्के जीएसटीही परत मिळायचा नाही.

म्हणून आरडीच्या पैशातून ४२,००० ते ४५,००० चा विंडोज ११ चा लॅपटॉप रोखीने घ्या. रॅम १६ जीबी असेल तर उत्तम, ८ च्या खाली जाऊ नका. डेस्कटॉपचा मॉनिटर ठेवा आणि लॅपटॉपला केबलने जोडा, मोठ्या पडद्यावर लेजर (खातेवही) बघायला डोळ्यांना बरं. उरलेल्या पैशातून बॅकअपसाठी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. जुन्या मशीनमधला टॅलीचा डेटा आधी तिच्यावर उतरवा आणि नव्या लॅपटॉपवर उघडून बघा. डेस्कटॉप त्यानंतरच विका. एफडीला हात लावू नका, ती तुमच्या तीन महिन्यांच्या खर्चालाही पुरत नाही.

मुलीची मागणी चुकीची नाही. पीडीएफ वाचायला, क्लासची व्हिडिओ लेक्चर बघायला, हाताने नोट्स काढायला टॅब लॅपटॉपपेक्षा सोयीचा असतो. पण त्यासाठी महागडा कीबोर्ड लागत नाही. पुढच्या महिन्यापासून २,००० ची नवी आरडी सुरू करा. दहा महिन्यांनी, बारावीच्या वर्षात, साधा अँड्रॉइड टॅब आणि पेन रोखीने घेता येईल. तोपर्यंत संध्याकाळी सात ते नऊ लॅपटॉप तिचा, असं दोघी मिळून ठरवा.