एमआरआय नॉर्मल, पण आईची कंबर दुखतेच

प्रश्न : मी सांगलीला बारावी सायन्सला आहे. आईची कंबर चार वर्षं दुखते. एमआरआय नॉर्मल आला, तेव्हापासून घरातले म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत.’ दुखणं दाखवणारे पेट स्कॅन निघालेत असं वाचलं. त्या कामात जायचं तर काय शिकू? मला ऑरगॅनिक केमिस्ट्री आवडते. नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) नाही निघाली तर?

उत्तर : आधी आईचं. एमआरआय मुख्यतः मणके, चकत्या, नसा यांची ठेवण दाखवतो. रिपोर्ट नॉर्मल असूनही कंबर खरोखर दुखू शकते. एवढं घरात मोठ्याने वाचून दाखव.

पेट स्कॅन म्हणजे टोचलेलं किरणोत्सारी द्रव्य शरीरात कुठे जमतं ते दाखवणारा स्कॅन. तू वाचलेल्यासारखं एक संशोधन बोस्टनचं आहे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मार्को लोजिया यांच्या गटाने जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना पीबीआर28 हे किरणोत्सारी द्रव्य टोचून मेंदूचे पेट स्कॅन काढले. निष्कर्ष 2015 मध्ये आले. थॅलॅमस या भागात एक प्रथिन वाढलेलं दिसलं. मेंदूतल्या ग्लिया पेशी (चेतापेशींना साथ देणाऱ्या) चेतल्या की ते वाढतं, असं मानतात. म्हणजे दिसलं ते प्रथिन, दुखणं नव्हे. शिवाय जनुकातल्या एका फरकामुळे काही जणांत हे द्रव्य नीट चिकटतच नाही. तेव्हा आईला सेंटरवर नेऊन ‘दुखण्याचा रिपोर्ट’ आणता येईल, अशी ही तपासणी नाही. तिला पेन क्लिनिकला दाखवा, या स्कॅनची वाट बघत बसू नका.

आता तुझं. नीट निघाली तर एमबीबीएसनंतर न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये (किरणोत्सारी द्रव्यं वापरून तपासणी-उपचार करणारी शाखा) एमडी. टेक्नॉलॉजिस्ट व्हायचं तर दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थांत एमएस्सी आहे. पण तिथलं रोजचं काम बहुतांशी कॅन्सरच्या रुग्णांचं, हे मनाशी धरून जा. किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन दिल्यावर पेशंटला तासभर मंद उजेडात, न बोलता पडून राहायला सांगायचं (हालचाल केली तर स्नायूच ती साखर ओढून घेतात), आणि धास्तावलेल्या माणसाला ते पटवायचं!

तुझ्या पत्रातलं मला महत्त्वाचं वाटलं ते ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं वाक्य. हव्या त्या प्रथिनाला जाऊन चिकटेल असा रेणू आधी कुणीतरी बांधावा लागतो, आणि तोही घड्याळाकडे बघत. अशा रेणूवर बसवतात ते किरणोत्सारी फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये डोस अडकला की तेवढा वाया. पीबीआर28 वर बसवलेलं कार्बन-11 तर 20 मिनिटांतच निम्मं, म्हणून सायक्लोट्रॉन (असे किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र) जवळपास त्याच आवारात हवा. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 मध्ये सुरू झाला. या कामाला नीट लागत नाही. बीएस्सी केमिस्ट्री, एमएस्सी, मग रेडिओकेमिस्ट्रीत पीएचडी. बारावीनंतर दहा वर्षं धर. घरी हा आकडा आत्ताच सांग, तिसऱ्या वर्षाला नको. आणि फॉर्म भरण्याआधी मिरज-सांगलीकडे जिथे पेट स्कॅन होत असेल तिथे परवानगी काढून एक सकाळ बसून ये.