नववा प्रश्न विचारलास, आता पुढे?

अगं,

रात्री उशिरा टाकलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. डेझर्टेशनसाठी कॉलेज रोडच्या क्लासच्या ग्रुपवर गुगल फॉर्म फिरवलास, त्यात पीएचक्यू-९ होती, नैराश्य चाचपणारी ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली, आणि तिघांनी नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाचे, स्वतःला इजा करायचे विचार येतात का याला, 'जवळजवळ रोज' टिक केलंय. नाव नाही, नंबर नाही. गाईड म्हणतात डेटा आलाय, अनॅलिसिसला लाग. आणि तुला झोप नाही. खरं सांगू, तुला झोप नाही हे वाचून मला बरंच वाटलं.

आधी काम. फॉर्म बंद कर. ज्या ज्या ग्रुपवर टाकला होतास तिथे आजच मेसेज टाक, सगळ्यांना मिळून, म्हणजे कोणाकडे बोट जाणार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर दे, फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलतात. क्लासच्या सरांना सांग की काउन्सिलरला घेऊन येतेय, ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. आणि अकरावी-बारावीची पोरं होती ना त्यात? मग आईवडिलांची संमती कुठेय? पोरांचा होकार तर लागतोच, पण अठराच्या आत नुसता तेवढा पुरत नाही, हे तुला कोणीच सांगितलं नाही?

आता गाईडचं दुसरं म्हणणं, की प्रश्नच काढून टाक, विचारल्याने पोरांच्या डोक्यात नसतं ते येतं. नाही येत. २००५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातल्या ६ हायस्कुलांत २,३४२ मुलांवर हेच तपासलं होतं, आत्महत्येबद्दल विचारल्याने त्यांचा ताणही वाढला नाही आणि विचारही वाढले नाहीत. उत्तर आल्यावर हात देता येणार नसेल तर पीएचक्यू-८ आहेच, नववा प्रश्न वगळलेली, ती वापर, त्यात कमीपणा नाही. पण विचारायचं तर उत्तराची सोय आधी करायची. आधी, मागाहून नाही.

मी हेच धरून बसले म्हणून माझी पीएचडी राहिली, तुला माहितीये. एका प्रोजेक्टवर आम्ही आदिवासी पाड्यांवर घरोघरी फॉर्म भरायचो, मी विचारलं ज्या घरात 'हो' आलं तिथे परत कोण जाणार, तर उत्तर मिळालं की आपलं काम डेटा गोळा करायचं. मी सोडलं. लोक म्हणाले हेकेखोर आहे, आजही म्हणतात, आणि कधीकधी वाटतं थोडं नमतं घेतलं असतं तर आज खुर्चीत बसून नियम बदलता आले असते. पण मग वाटतं, नमतं घेणारे पुष्कळ होते की, त्यांनी कुठे बदलले?

आणि जमत नाही असं नाहीये. आपल्याच नाशिकच्या पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ मध्ये 'आत्मीयता' नावाचं मानसिक आरोग्याचं काम चाललं, ४१ गावांत. गावातलीच माणसं तयार केली, त्रासातला माणूस ओळखायचा, त्याच्याशी बोलत राहायचं, जड केस असेल तर डॉक्टरपर्यंत पोचवायची. बघ ना, शोधणारा आणि आधार देणारा एकच माणूस! पुढे ते गुजरातेत मेहसाण्याला गेलं, तिथे ट्रायलही झाली. तू मात्र प्रस्तावनेत निमहान्सचा, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेचा, २०१५-१६चा सर्व्हे टाकलायस, १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार, आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना, ठीक आहे, पण त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तेवढं तरी लिही. आणि उपचाराविना राहतात यावर पानभर लिहिणारीच्या स्वतःच्या फॉर्मखाली एक हेल्पलाईन नंबर नसावा? राग येतो गं. तुझा नाही, ज्यांनी तुला शिकवलं त्यांचा.

अजून एक, पीएचक्यू-९वर कोणाचा स्कोअर १० किंवा त्याच्या वर गेला म्हणजे डिप्रेशन झालं असं थिसिसमध्ये लिहू नकोस. गेल्या दोन आठवड्यांचं विचारणारी चाळणी आहे ती, निदान डॉक्टर समोर बसवून करतो.

सॅम्पल कमी होईल म्हणून रडू नकोस. साठ जण घे, कागदावर फॉर्म दे, त्या खोलीत स्वतः बस, काउन्सिलर बाहेर बसलेला असू दे, आणि पहिल्याच पानावर लिही की नवव्याला टिक आली तर आम्ही तुझ्याशी बोलणार. काही पोरं मग खरं लिहिणार नाहीत, माहितीये मला. चालेल. विचारायचं तर सोय आधी.

गुरुवारी घरी ये, फॉर्मची प्रिंट घेऊन. गाईडना आधी सांगून ये हं, मागाहून कळलं तर डाफरतील, मला त्याची सवय आहे, तुला नाही.