मैत्रिणीची गोळी आणि तुमचा आजार

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरबद्दल, म्हणजे भावना तासातासाला टोकाला नेणाऱ्या आजाराबद्दल, मी एकदा लिहिलं आणि तेव्हापासून पत्रं थांबलेली नाहीत. माणसं वेगळी, गाऱ्हाणं एकच: मूड स्टॅबिलायझरचा (म्हणजे लिथियम, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन अशा मनाचे चढउतार आवरणाऱ्या गोळ्यांचा) अमकीला गुण आला, मग मला का नाही? काही पत्रांना इथे उत्तर देते. हे वाचून कुणी गोळी सुरू करू नये, बंद करू नये, अर्धी करू नये. ते तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलूनच.

लिथियमच्या रक्ततपासणीला जाताना सकाळची गोळी घेऊन जायचं का?

नाही. शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं, गोळी त्यानंतर.

या गोळ्यांनी वजन वाढतं का?

व्हॅल्प्रोएट आणि लिथियमने वाढू शकतं, लॅमोट्रिजिनने सहसा नाही. काटा वर गेला म्हणून गोळी परस्पर सोडू नका, डॉक्टरांना सांगा.

माझं वय २७. वर्षापूर्वी बॉर्डरलाइनचं निदान झालं. मैत्रिणीलाही हेच आहे. लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर आठ दिवसांत डोकं शांत झालं, असं ती सांगते. असे पुष्कळ अनुभव मी वाचलेत. माझे डॉक्टर मात्र थेरपीचंच पालुपद लावून बसलेत. डॉक्टर बदलू का?

नको. आधी त्या आठ दिवसांचा हिशेब करू.

लॅमोट्रिजिन एकदम देता येत नाही, अंगावर घातक पुरळ उठण्याचा धोका असतो. म्हणून पहिले दोन आठवडे सहसा रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन ५०, मग १००. बायपोलर आजारात (उन्माद आणि नैराश्याचे झटके येतात तो) नेहमी लागणाऱ्या २०० मिलिग्रॅमपर्यंत पोचायलाच पाच-सहा आठवडे जातात. म्हणजे आठव्या दिवशी तुमची मैत्रीण पहिल्याच पायरीवर होती. तिला बरं वाटलं हे खरंच असणार, मी तिला खोटं पाडत नाही. पण श्रेय गोळीचं?

माणूस डॉक्टरकडे कधी येतो ते आठवा. नातं तुटलंय, दोन रात्री झोप नाही, हातावर ताजे ओरखडे आहेत. लाट सगळ्यात उंच असते तेव्हा. ती पुढच्या आठवड्यात उतरणारच असते. त्यात कुणीतरी पाऊण तास नीट ऐकून घेतलेलं असतं, त्रासाला नाव दिलेलं असतं, पुढची तारीख दिलेली असते. एवढ्यानेही श्वास मोकळा होतो.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. ब्रिटनमध्ये बॉर्डरलाइनच्या २७६ रुग्णांवर नेमका हाच प्रयोग झाला. निम्म्यांना लॅमोट्रिजिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. वर्षभरानंतरचा हिशेब २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: दोन गटांत फरक नाही. बऱ्याच जणांनी वर्षभर गोळ्या नेमाने घेतल्या नाहीत, ही त्यातली उणीव मान्य. पण बरं दोन्ही गटांना वाटलं होतं! रिकामी गोळी घेणाऱ्या कुणीही प्रामाणिकपणे लिहिलं असतं, ‘डोकं शांत झालं’.

दुसरी शंका निदानाची. बायपोलरमध्ये मूड चढला तर तो किमान चार दिवस चढलेला राहतो, मोठ्या झटक्यात आठवडा नाहीतर त्याहून जास्त. बॉर्डरलाइनमध्ये तासाभरात सगळं फिरतं. संध्याकाळी सातला त्याने फोन उचलला नाही. साडेसातला ‘हा मला सोडणार’. आठला सगळे फोटो डिलीट. दहाला त्याचा ‘सॉरी, मीटिंगमध्ये होतो’ असा मेसेज, आणि जीव भांड्यात. बाहेरून दोन्हीला ‘मूड स्विंग’च म्हणतात, तिथेच घोळ होतो. मैत्रिणीला मुळात बायपोलर असेल, किंवा दोन्ही असतील (असतात काहींना), तर ती गोळी तिच्यासाठी योग्यच आहे. म्हणून ती तुमची होत नाही.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने २००९ मध्येच सांगितलं की खास बॉर्डरलाइनसाठी किंवा त्याच्या सुट्या लक्षणांसाठी औषधं वापरू नयेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने या आजारासाठी एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. मीसुद्धा कधी देते, नाही असं नाही. सोबत नैराश्य असतं, क्वचित राग आवरतच नाही. पण तेव्हा किती आठवड्यांनी तपासून, उपयोग नसेल तर बंद करायचं, हेही त्याच कागदावर लिहून देते.

माझा खरा संताप वेगळाच आहे. तीन वर्षांत चार गोळ्या बदललेला माणूस समोर बसतो, आणि थेरपीचं एक सत्र झालेलं नसतं. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) या थेरपीची पहिली चाचणी १९९१ मध्ये छापून आली. स्वतःला इजा करण्याचे प्रकार त्या उपचाराने कमी झाले. सात ते दहा या तीन तासांत काय करायचं, हे तिथे शिकवतात, घोटून घेतात. ते कंटाळवाणं असतं, गृहपाठ असतो, म्हणून ‘आधी एखादी गोळी बघू’ करत वर्षं जातात. तुमच्या डॉक्टरांचं पालुपद बरोबर आहे. त्यांना विचारायचंच असेल तर हे विचारा: थेरपी कधीपासून, कुणाकडे, आठवड्यातून किती वेळा?

माझी लॅमोट्रिजिन दहा दिवस चुकली. परत २०० पासून सुरू करू ना?

अजिबात नाही. पाच दिवसांहून जास्त खंड पडला की साधारणपणे पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं. आजच डॉक्टरांना फोन करा. आणि ही गोळी चालू असताना पुरळ, ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. फोटो पाठवून मैत्रिणींची मतं मागवू नका.

पत्नी व्हॅल्प्रोएट घेते. आम्हाला मूल हवंय. दिवस राहिले की गोळी बंद करू, असं ठरवलंय.

तोवर उशीर झालेला असतो. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून चार आठवड्यांत मिटते, पाळी चुकल्याचं पुरतं लक्षात यायच्या सुमारास. पोटात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेल्या दर दहा बाळांत सुमारे एकाला जन्मजात व्यंग असतं, तीन-चार जणांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. म्हणून प्रयत्न सुरू करण्याआधी दोघं मिळून मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. तोपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवा आणि गोळी एकदम तोडू नका.

‘नैसर्गिक लिथियम’ नावाच्या कॅप्सूल चिठ्ठीशिवाय मिळतात. साइड इफेक्ट नाहीत म्हणे.

म्हणे! लिथियम हा धातू आहे, आणि नैसर्गिक तर आर्सेनिकही असतं. औषधातल्या लिथियमसाठी रक्तातलं प्रमाण, मूत्रपिंड, थायरॉइड, सगळ्यावर नजर ठेवावी लागते. आयब्युप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक गोळी किंवा जुलाबांनी अंगातलं पाणी कमी होणं, एवढ्यानेही ते प्रमाण धोकादायक वाढू शकतं. बाटलीवर ‘नैसर्गिक’ छापल्याने मूत्रपिंडाला काही वेगळं कळत नाही. घेतली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

मुलीच्या गोळ्या मी कुलपात ठेवते. ती चिडते. माझं चुकतंय का?

गोळ्या मोजक्याच हाती असाव्यात, ही तुमची काळजी योग्य आहे. लिथियम तर जास्त झालं की जिवावर बेततं. पण कुलूप गुपचूप लावू नका. ती शांत असेल अशा दिवशी, तिच्यासमोर आणि डॉक्टरांसमोर ठरवा: एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या, किल्ली कुणाकडे, आणि कधीपर्यंत. माझ्या एका रुग्ण मुलीने डबा आईच्या कपाटात ठेवायचा हे स्वतःच सुचवलं होतं, अट एकच, रोज मोजून दाखवायला सांगायचं नाही. तुमची मुलगी मरणाचं बोलू लागली तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नका. तिला एकटं सोडू नका, आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात तिच्याबरोबर जा.