आधीचे वीस बाँडपट पाहिले नसतील तर ‘कॅसिनो रॉयल’ कळेल का?

कळेल. उलट पाटी कोरी असेल तर जास्तच कळेल. बाँडला डबल-ओचा दर्जा, म्हणजे मारण्याचा परवाना, मिळतो तिथूनच हा २००६चा सिनेमा सुरू होतो, मागचं काही लागत नाही. पण ‘हा खरा बाँड नाही असंही ऐकलंय’ असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय ना, त्या वाक्यावरून माझं नि माझ्या दादाचं कित्येक वर्षं वाजतंय.

बाँड मला दादानेच दाखवला. विसाच्या वीस सिनेमे त्याला क्रमाने पाठ. २००५मध्ये डॅनियल क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हाच ‘भुऱ्या केसांचा बाँड?’ म्हणून त्याने फुली मारली होती. तरी आम्ही थिएटरात बरोबर गेलो. सुरुवातीच्या पाठलागात पळणारा माणूस भिंतीवरच्या फटीतून अलगद निसटतो आणि बाँड सरळ ती भिंत फोडून पलीकडे जातो. दादा म्हणाला, “हा गुंड आहे.” मला तेच आवडलं होतं. या माणसाला अजून बाँड व्हायचंय! त्याला नीट बसणारा डिनर जॅकेटसुद्धा पुढे नायिका व्हेस्पर आणून देते.

मग जिन्यावरची मारामारी. दोघं हल्लेखोर मरतात. बाँड खोलीत येऊन रक्त धुतो, व्हिस्कीचा घोट घेतो, आरशात बघतो. नंतर व्हेस्पर शॉवरखाली अंगावरच्या कपड्यांनिशी कुडकुडत बसलेली दिसते. तोही भिजत तिच्या शेजारी बसतो, थंडी वाजते का विचारतो आणि पाणी थोडं गरम करतो. बस, एवढंच. तिथे दादा उठला. “बाँड असलं काही करत नाही. चल गं.” मी नाही उठले. तो सिनेमा संपेपर्यंत बाहेर उभा होता. घरी जाताना म्हणाला, “तुला बाँड कळलाच नाही.” ते मला फार लागलं, आजही लागतं.

कोणाला कळला नाही ते सांगते. ‘कॅसिनो रॉयल’ ही मुळात बाँडचा जनक इयान फ्लेमिंगची पहिलीच बाँड कादंबरी, १९५३ची. त्यात बाँड व्हेस्परच्या एवढा प्रेमात पडतो की नोकरी सोडून तिला लग्नाचं विचारायचं ठरवतो. १९६९च्या सिनेमात त्याची बायको लग्नाच्याच दिवशी मारली जाते आणि तो तिला कवटाळून बसतो. म्हणजे हा हळवेपणा क्रेगने आणलेला नाही, मुळातला आहे. बाँडचा नव्हता तो २००२मधला गाडी अदृश्य करण्याचा पोरखेळ.

आणि दादाचा सगळ्यात लाडका ‘गोल्डनआय’. सहा वर्षांच्या खंडानंतर १९९५मध्ये बाँड परत आला तो याच सिनेमातून, आणि त्याचा दिग्दर्शक ‘कॅसिनो रॉयल’वालाच, मार्टिन कॅम्बेल. ज्युडी डेंचची एम, म्हणजे बाँडची बॉस, तिथे बाँडला तोंडावर शीतयुद्धाचा अवशेष म्हणते, इथे तीच म्हणते की तुला बढती द्यायची घाई झाली. दोन्ही वेळा कॅम्बेलने आधी बाँडबद्दल शंका घ्यायला लावली, मग त्याला उभा केला. नायक जुना झाला की असाच परत आणावा लागतो, नुसती गाडी बदलून भागत नाही.

हां, दोष आहेत. पोकरचे डाव लांबतात. पत्ते कळत नसतील तर टेबलावरचे चेहरे बघा, पुरेसं आहे. व्हेनिसमधलं बुडतं घर मलाही जास्त वाटतं. २००८चा ‘क्वांटम ऑफ सोलेस’ मात्र यानंतर लगेच बघा, कथा तिथूनच पुढे सरकते.

आणि शेजारचा उठून गेला तरी तुम्ही उठू नका. अगदी शेवटी थ्री-पीस सूट घालून, हातात बंदूक घेऊन तो पहिल्यांदा आपलं नाव त्या ओळखीच्या पद्धतीने सांगतो आणि तोवर राखून ठेवलेली बाँडची ती धून तिथे पूर्ण वाजते. दादाने ते अजून पाहिलेलं नाही.