अंगभर पिसं असलेला मोठा शिकारी डायनासोर खरंच होता का? तो उल्कापातात संपला का?

हो, होता. युटिरानस. पिसांचे थेट ठसे मिळालेल्या प्राण्यांमध्ये हा सर्वात मोठा. चीनच्या लिआओनिंग प्रांतात त्याचे तीन सांगाडे मिळाले, एक प्रौढ आणि दोन लहान वयाचे. चिनी जीवाश्मशास्त्रज्ञ शू शिंग आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. प्रौढाची लांबी सुमारे 9 मीटर, वजन अंदाजे 1400 किलो.

पिसं मात्र पक्ष्यांसारखी नव्हती. मानेवर 20 सेंटीमीटरपर्यंत लांब, दाट, केसाळ तंतू. दंडावर आणि शेपटीवरही तसेच. एवढं धूड उडणं शक्यच नव्हतं. ही पिसं बहुधा उबेसाठी होती. तिथलं तेव्हाचं सरासरी तापमान जेमतेम 10 अंश होतं, म्हणजे हिवाळे चांगलेच बोचरे. डायनासोर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दमट जंगलच येतं, म्हणून मला हा प्राणी फार महत्त्वाचा वाटतो.

आता उल्कापात. त्याचा इथे काही संबंध नाही. युटिरानस सुमारे 12.5 कोटी वर्षांपूर्वीचा, उल्कापात 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. टी-रेक्स जन्माला येण्याच्या कितीतरी आधी हा नाहीसा झाला होता. बहुतेक प्रजाती अशाच जातात, कुठल्याही महासंकटाविना. तो टी-रेक्सचा दूरचा नातेवाईक, थेट पूर्वज नव्हे. त्याच्या हाताला तीन बोटं होती, टी-रेक्सला दोनच.

ठसे इतके स्पष्ट टिकले ते तिथल्या ज्वालामुखींच्या बारीक राखेमुळे आणि तळ्यांच्या गाळामुळे.