वाहनविषयक शंकासमाधान : जिप्सीला कोणता टायर?

प्रश्न : माझ्याकडे जुनी मारुती जिप्सी आहे. रोजचा प्रवास कळव्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याने होतो आणि पावसाळ्यात महिन्यातून एक-दोनदा आम्ही मुरबाड-कर्जतकडच्या कच्च्या वाटांवर जातो. मूळ 205/70 आर 15 टायर काढून 235/75 आर 15 बसवावेत, असा मित्रांचा आग्रह आहे. गॅरेजवाले म्हणतात की पाटे (ॲक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) थोडे उंच केले की टायर आरामात बसतील. टायर बसले म्हणजे काम झाले का?
— एक वाचक, कळवा (ठाणे)

उत्तर : टायर बसतील, परंतु गाडी त्यांना ओढेल का, हा प्रश्न शिल्लक राहतो. टायरवरील पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगणारा. आणि शेवटचा रिमचा, इंचांमध्ये. या हिशेबाने तुमच्या मूळ टायरचा व्यास 668 मिलिमीटर भरतो, तर मित्रांनी सुचवलेल्या टायरचा 733.5, म्हणजे जवळजवळ दहा टक्के अधिक. चाक एका फेऱ्यात दहा टक्के अधिक अंतर कापू लागले की प्रत्येक गिअर तेवढाच ‘उंच’ होतो, म्हणजे वेग वाढतो पण ओढ घटते, आणि यासाठी कोणी गिअरबॉक्सला हातही लावलेला नसतो.

जिप्सीचे 1298 सीसीचे इंजिन सुमारे 80 अश्वशक्तीचे आहे, पण त्याचा 103 न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिनिटाला 4500 फेऱ्यांच्या आसपास मिळतो. खालच्या फेऱ्यांवर ते मुळातच दुबळे आहे. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला वाहतुकीत थांबून पुन्हा निघताना आज पहिल्या गिअरमध्ये जे सहज जमते, ते मोठ्या टायरवर क्लच अर्धवट दाबून करावे लागेल, आणि क्लच प्लेट किती दिवस टिकेल हे त्यावरूनच ठरेल. सपाट रस्त्यावर पाचवा गिअर केवळ नावापुरता उरेल.

कच्च्या वाटेवर परिणाम याहून ठळक दिसतो. पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो, म्हणजे संथ पण जोरदार गिअर, आणि डिफरन्शियल (ॲक्सलमधला, चाकांना ताकद पोचवणारा गिअरसंच) या तिघांच्या गुणोत्तरांचा गुणाकार उदाहरणापुरता 32 धरू. इंजिन 800 फेऱ्यांवर असताना मूळ टायरवर गाडी ताशी 3.1 किलोमीटर वेगाने सरपटते. मोठ्या टायरवर तोच वेग सुमारे 3.5 होतो आणि 32 चा गुणाकार 29 असल्यासारखा भासतो. फरक कागदावर किरकोळ वाटतो, परंतु ओल्या कातळावरून उतरताना ब्रेकला हात न लावता इंजिनच्या जोरावर गाडी धरून ठेवायची असेल, तेव्हा तो पायाला लगेच जाणवतो. शिवाय मोठे चाक जड असते आणि तेच ब्रेक त्याला अधिक लांब हातावरून थोपवत असतात; थांबण्याचे अंतर वाढते.

पाटे उंच करण्याबाबत एक गैरसमज फार रूढ आहे. पाट्यांनी चेसिस आणि बॉडी वर जाते, ॲक्सल नाही. डिफरन्शियलचा जो गोळा दगडावर आपटतो, तो केवळ टायरच्या वाढीव व्यासाच्या निम्म्याने वर येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे 33 मिलिमीटर. जिप्सीचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) 210 मिलिमीटर आहे हे लक्षात घेतले, तर एवढ्या खटाटोपाचे फळ माफकच आहे.

235 चाच हट्ट असेल, तर डिफरन्शियलचे क्राऊन-पिनियन (त्यातली दातेरी चाकांची जोडी) बदलावे लागतील. मूळ गुणोत्तर समजा 4 असेल, तर पूर्वीची ओढ परत मिळवण्यासाठी 4.4 लागेल, आणि ते पुढच्या व मागच्या दोन्ही ॲक्सलना एकसारखे असलेच पाहिजे. अन्यथा फोर-व्हीलमध्ये टाकताच पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी झगडू लागतात. हे काम दातांची फट अचूक जुळवणाऱ्या कारागिराचे आहे. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असल्याने तिच्या लोचे गिअर बदलणे हा दुसरा मार्ग आहे. त्याने सरपटण्याचा वेग सुधारतो, मात्र रोजच्या रस्त्यावरील मरगळ तशीच राहते.

माझा स्पष्ट कौल 215/75 आर 15 ला आहे. व्यास 703.5 मिलिमीटर, वाढ पाच टक्क्यांच्या जराशी वर, आणि गिअर न बदलता सोसेल अशी. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, हे मात्र बसवण्यापूर्वी पाहावे. भातखाचरांकडेच्या वाटेवर वरचा चिखल पातळ असतो आणि खाली मुरूम लागतो; तिथे अरुंद टायर चिखल कापून घट्ट जमिनीपर्यंत पोचतो, रुंद टायर मात्र वर तरंगत घसरतो. वाळूत याच्या उलट घडते, पण तुम्ही वाळूत जात नाही. चिखलात हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवावी आणि डांबरी रस्ता लागताच पुन्हा भरावी. एवढ्यानेही पकड किती सुधारते, ते टायर विकत घेण्याआधी मूळ टायरवरच करून पाहा.

स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा 215 वर खरा वेग सुमारे 63, तर 235 वर 66 असेल. ओडोमीटरही तितकेच कमी मोजतो, म्हणून ‘मायलेज पडले’ ही तक्रार करण्यापूर्वी हिशेब दुरुस्त करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. टायर फेंडरबाहेर (चाकावरच्या पत्र्याबाहेर) डोकावत असतील, तर तपासणीत तेच आधी नजरेत भरतात.

प्रश्न : माझ्या थारला 255/65 आर 18 टायर आहेत. खडकाळ वाटेसाठी 245/75 आर 16 लावले तर गिअर बिघडेल का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : नाही. व्यास 789 वरून 774 मिलिमीटर होतो, म्हणजे सुमारे दोन टक्के कमी. ओढ किंचित वाढेलच. टायरची भिंत मात्र 166 वरून 184 मिलिमीटर होते, आणि खडकावर हवा उतरवताना रिम वाचवणारी हीच वाढ आहे. रिम घेण्यापूर्वी ते ब्रेक कॅलिपरला (चाकाच्या आतल्या, ब्रेक दाबणाऱ्या भागाला) लागत नाही ना, हे एक चाक बसवून, हाताने फिरवून पाहावे.