दहा वर्षांचा संथ लॅपटॉप : दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

आपला प्रश्न मी असा समजलो आहे : २०१६ साली घेतलेला एक लॅपटॉप आपल्याकडे आहे. त्यात सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम (चालू कामाची माहिती तात्पुरती धरणारी स्मृती) आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. तो सुरू होऊन कामाला लागेपर्यंत पाच-सहा मिनिटे जातात, विंडोज १० ची मुदत संपल्याच्या सूचना त्यावर येतात, आणि दुकानदाराने तो भंगारात देऊन नवा घेण्याचा सल्ला दिला आहे. नव्या लॅपटॉपमुळे घरचे इंटरनेटही वेगाने चालेल, असेही तो म्हणाला. माझे मत स्पष्ट आहे : आपण आत्ता नवा लॅपटॉप घेऊ नये. आपल्या यंत्रातील एकच भाग सगळ्यांना खोळंबून ठेवतो आहे, आणि तो बदलता येतो.

तो भाग म्हणजे हार्ड डिस्क. लॅपटॉपमधील साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती ती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर नेण्यात आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. एकूण हिशेब केला, तर विखुरलेली माहिती ही डिस्क सेकंदाला जेमतेम पन्नास-साठ वेळा वाचू शकते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो लहान-लहान फायली मागितल्या जातात. एखाद्या कचेरीच्या दप्तरखान्यात एकच शिपाई असावा आणि प्रत्येक कागदासाठी त्याने मागच्या खोलीपर्यंत जाऊन यावे, तसा हा प्रकार आहे. साहेब कितीही हुशार असले, तरी कागद येईपर्यंत त्यांना थांबावेच लागते. हार्ड डिस्कच्या जागी बसवता येणारी एसएसडी माहिती चिपवर साठवते. तिच्यात फिरणारा कोणताही भाग नसल्याने तीच विखुरलेली माहिती ती सेकंदाला हजारो वेळा वाचते. जाहिरातीत छापलेला ‘५०० एमबी प्रतिसेकंद’ हा आकडा खरा असतो, पण रोजच्या वापरात जाणवतो तो फरक या विखुरलेल्या वाचनाचा असतो.

माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा. लॅपटॉप सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा म्हणजे टास्क मॅनेजर उघडेल. त्यात डिस्कच्या रकान्यात बराच वेळ ९५ ते १०० टक्के दिसत असेल आणि प्रोसेसरचा आकडा वीस-तीस टक्क्यांच्या आसपास घुटमळत असेल, तर दुखणे कुठे आहे ते आपल्याला प्रत्यक्षच दिसेल. माझ्या वडिलांचा लॅपटॉप आपल्यापेक्षा वर्षभराने जुना आहे. त्यात मी तीन वर्षांपूर्वी एसएसडी बसवली, तेव्हा घड्याळ लावून पाहिले होते : आधी साडेचार मिनिटे लागत होती, नंतर पंचवीस सेकंद. प्रोसेसर तोच, पडदा तोच, कळफलकही तोच. वडील आजही त्याच यंत्रावर सोसायटीचा जमाखर्च लिहितात, आणि त्यांनी त्याबद्दल पुन्हा एकदाही तक्रार केलेली नाही.

खरेदी करताना अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी मागावी. २०१६ च्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती जुन्या डिस्कच्या जागी तंतोतंत बसते. २५० किंवा ५०० जीबीची पुरते, कारण जुनी १ टीबीची डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून फोटो आणि कागदपत्रे साठवण्यासाठी वापरता येते. मात्र काहीही उघडण्यापूर्वी महत्त्वाच्या सर्व फायलींची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. दहा वर्षे फिरलेली डिस्क कोणत्या दिवशी थांबेल, ते कोणालाही सांगता येत नाही. जुन्या विंडोजची जशीच्या तशी नक्कल करण्याऐवजी नव्या एसएसडीवर विंडोज नव्याने बसवणे मला अधिक योग्य वाटते. विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डशी, जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलली तरी तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. एखादा दुकानदार ‘विंडोजचे वेगळे पैसे’ मागू लागला, तर हे त्याला शांतपणे सांगावे.

येथे एक इशारा कळकळीने देतो, कारण मी स्वतः त्यात फसलो आहे. एका खरेदीच्या संकेतस्थळावर मला ‘२ टीबी’ची बाह्य डिस्क अविश्वसनीय स्वस्तात दिसली आणि मी ती घेतली. संगणकावर ती बरोबर २ टीबी दिसत होती, फायली चढतही होत्या. पण आतली चिप खरी ६४ जीबीचीच होती आणि खोटा आकडा सांगेल अशा रीतीने तिची आज्ञावली बदललेली होती. जागा संपल्यावर नव्या फायली जुन्यांवर लिहिल्या गेल्या. माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो त्यात कायमचे गेले. म्हणून नवी साठवण घेतली की ‘एचटूटेस्टडब्ल्यू’सारख्या मोफत साधनाने ती काठोकाठ भरून वाचून पाहावी. यावरून काहींना १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, म्हणून तीही बनावट वाटते. तसे नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मोजते, विंडोज मात्र १,०२४ च्या पटीत मोजते. बाइट तेवढेच असतात, मापे वेगळी असल्यामुळे आकडे वेगळे दिसतात.

रॅमबाबत माझे मत थोडे सावध आहे. ४ जीबी रॅम आज अपुरी आहे, कारण ती भरली की विंडोज उरलेली माहिती डिस्कवर टाकते आणि मग तोच थकलेला शिपाई आणखी धावू लागतो. ८ जीबी असणे चांगले. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत. रॅमच्या चिप मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहिती-केंद्रांना लागणाऱ्या महाग मेमरीकडे त्यांनी आपली क्षमता वळवली आणि घरगुती ग्राहकांच्या वाट्याला टंचाई आली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा व्यवसायच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. मला ही बातमी मनापासून खटकली. सामान्य माणसाने शंभर-दोनशे रुपये बाजूला टाकत जुने यंत्र चालते ठेवावे, हा मार्ग त्यामुळे अधिक अरुंद होतो. एसएसडीच्या किमतींनाही या टंचाईची झळ लागली आहे. त्यामुळे आधी एसएसडी बसवा, आठवडाभर वापरून पाहा, आणि तरीही अडत असेल तरच ४ जीबीची आणखी एक पट्टी घ्या. ती वापरलेली मिळाली तरी चालेल, रॅम सहसा झिजत नाही. फक्त आपल्या लॅपटॉपला डीडीआर३एल लागते की डीडीआर४, हे आधी पाहून घ्या, कारण सहाव्या पिढीच्या यंत्रांत दोन्ही प्रकार सापडतात आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

आता विंडोजचा प्रश्न. विंडोज १० ला सुरक्षेची नियमित अद्यतने देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले, हे खरे आहे. त्या दिवशी आपले यंत्र बंद पडलेले नाही. मात्र यापुढे सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी आपोआप बुजवल्या जाणार नाहीत, आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्याने ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालते, त्यामुळे आपले यंत्र त्यात बसत नाही. आडवाटेने ते बसवण्याच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी नसल्याने मी त्या सुचवणार नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अद्यतने देण्याची सोय केली आहे. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंगची जुळवणी चालू ठेवली, तर ती पैसे न भरता घेता येते. नोंदणीचा पर्याय विंडोज अपडेटच्या पानावर दिसतो, फक्त आपली आवृत्ती २२एच२ असायला हवी.

त्यानंतर काय, याचे उत्तर माझ्या मते लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी बसवता येणारी मोफत कार्यप्रणाली, हे आहे. त्याच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, आणि ब्राउझर, पत्रे, हिशेब, व्हिडिओ एवढेच काम असेल तर आपल्या यंत्रावर ते उत्तम चालते. त्यात युनिकोड मराठी (कोणत्याही यंत्रावर वाचता येणारी अक्षरपद्धती) आणि इनस्क्रिप्ट कळफलक कोणतेही वेगळे पैसे न मोजता मिळतात. परंतु मराठीत पूर्वीपासून काम करणाऱ्यांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. आपल्या जुन्या फायली श्रीलिपी किंवा तत्सम युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील, तर तो फाँट नसलेल्या यंत्रावर त्या निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या रूपात उघडतील. विंडोज हाताशी आहे तोवरच त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांचे तीस वर्षांचे लेखन असे अडकले होते आणि ते सोडवायला आम्हाला दोन महिने लागले. तसेच जीएसटी किंवा निविदांसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरत असाल, तर ते लिनक्सवर चालते का, हे आधी पाहावे.

इंटरनेटविषयी दुकानदाराने जे सांगितले ते बहुतांशी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे आहे. लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडून वेग मोजा. तेथे वेग योग्य असेल आणि वाय-फायवर घसरत असेल, तर दोष वाय-फायचा आहे. त्या काळातील अनेक स्वस्त लॅपटॉपचे वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि चार मजली इमारतीत त्यांवर वीस-पंचवीस राऊटरांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचा एक छोटा यूएसबी अडॅप्टर घेतला की काम भागते. वेग पाहताना एवढेच ध्यानात ठेवा की योजनेतील १०० एमबीपीएस म्हणजे फाइल उतरवताना जास्तीत जास्त साडेबारा एमबी प्रतिसेकंद, कारण आठ बिट मिळून एक बाइट होतो. यात कंपनीने आपली फसवणूक केलेली नसते.

आपण शेवटी लिहिले आहे की पडद्याच्या कोपऱ्यात ‘आपल्या संगणकात विषाणू आहेत’ अशा सूचना सारख्या येतात. मला या प्रकाराची मनस्वी चीड आहे, कारण वयस्कर माणसे घाबरून त्यावर पैसे भरतात. बहुधा कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी दिली गेली असेल. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन’ शोधून अनोळखी नावे सगळी काढून टाका, सूचना लगेच थांबतील. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ फसव्या रचनांची यादी आहे, आणि विषाणूची खोटी भीती घालून पैसे उकळणे ही त्यांपैकी एक आहे. पैसे गेले असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जाहिरातींचा मारा थांबवण्यासाठी मी फायरफॉक्समध्ये ‘युब्लॉक ओरिजिन’ वापरतो. क्रोमने २०२५ मध्ये त्याची मूळ आवृत्ती बंद केली, हे फायरफॉक्सकडे वळण्याचे माझे मुख्य कारण आहे. जाहिराती गेल्या की पाने इतकी हलकी होतात की जुन्या यंत्रालाही दम लागत नाही.

नवा लॅपटॉप घ्यावाच लागेल अशा परिस्थितीही आहेत. बॅटरी फुगून कळफलक वर उचलला गेला असेल, तर यंत्र वापरणे ताबडतोब थांबवा. बॅटरी बदलून मिळत नसेल किंवा मदरबोर्डच गेला असेल, तर दुरुस्तीवर खर्च करू नका. व्हिडिओ संपादनासारखे काम करायचे असेल, तरी हे यंत्र पुरणार नाही. त्या वेळी १६ जीबी रॅम पाहा, ती बोर्डला कायमची डकवलेली आहे का ते विचारा, आणि ‘एआय पीसी’ या शिक्क्यासाठी जादा पैसे देऊ नका. रोजच्या कामात त्याचा उपयोग मला अजून दिसलेला नाही. जुना लॅपटॉप बदल्यात देणार असाल, तर डिस्क आधी काढून घरी ठेवा.

आपण पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडवर हे सगळे एका फेरीत होते. जाण्यापूर्वी लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक, रॅमचा प्रकार आणि टास्क मॅनेजरमधील डिस्कचा आकडा कागदावर टिपून घ्या. हे तीन तपशील येथे प्रतिसादात लिहिलेत, तर रॅमसाठी दुसरी खाच असण्याची शक्यता कितपत आहे आणि कोणती एसएसडी बसेल, हे मी पाहून कळवीन.